न आठवणारी सुटी

मराठी मध्यमवर्गाच्या मनात म्हैसूर प्रथम शिरले ते सहलीच्या वेळापत्रकातून. ‘बंगळूर-म्हैसूर-उटी’ हे शब्द एका दमात उच्चारले जात, जणू ती तीन गावे नव्हेत, एकच स्थळ आहे. सरकारी नोकराला मिळणारी प्रवास-सवलत, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी, होल्डॉलमध्ये बांधलेल्या सतरंज्या, चकल्या-लाडवांचा डबा. आणि मग ठरल्याप्रमाणे सकाळी राजवाडा, दुपारी प्राणिसंग्रहालय, संध्याकाळी वृंदावन उद्यानातली रंगीत कारंजी. परतताना चंदनाची एक लहानशी मूर्ती आणि म्हैसूरपाकाचे खोके. होल्डॉल पुढे अडगळीत गेले, २०१४ साली शहराचे अधिकृत नाव ‘मैसूरु’ झाले, तरी मराठी तोंडात म्हैसूरच राहिले आणि सहलही राहिली. यादीत एका स्थळाची तेवढी भर पडली. कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता जी. आर. एस. फँटसी पार्क आहे. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, कृत्रिम लाटा आहेत. मुले घरातून निघतानाच राजवाड्याचे नव्हे, त्या पार्कचे नाव घेतात.

समजा, एका नवरात्रात सोलापूरहून असे एक कुटुंब म्हैसूरला आले आहे. नवराबायको, सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि मुलांची आजी. मुलांची आत्या लग्न होऊन म्हैसुरात गेलेली. तिच्याच घरी मुक्काम. दिवसभर पाण्यात खेळून झाले आहे. संध्याकाळी सगळे राजवाड्यासमोरच्या गर्दीत उभे आहेत. ठरल्या क्षणी सुमारे लाखभर दिवे एकदम उजळतात, आणि काळोखात बुडालेली ती प्रचंड वास्तू सोन्याच्या रेघांनी आकाशावर काढल्यासारखी दिसू लागते. हजारो माणसांच्या तोंडून एकच उद्गार निघतो. मुलगी मात्र बापाच्या खांद्यावर गाढ झोपली आहे. तो तिला हलवतो. “बघ, बघ ना, दिवे बघ.” ती डोळे किलकिले करते, रडते, पुन्हा खांद्यात तोंड खुपसते. आजी म्हणते, “अरे, झोपू दे तिला. तिला काय कळतंय एवढ्यात?” बाप किंचित दुखावून म्हणतो, “अगं आई, आठवण राहील तिला.”

या दोन वाक्यांमध्ये एक जुना आणि अवघड प्रश्न उभा आहे. जे मूल ही सुटी विसरणार आहे, त्याच्यासाठी ती सुटी कोणत्या अर्थाने असते?

ते मूल विसरणार, हे जवळजवळ निश्चित आहे. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतले प्रसंग प्रौढपणी आठवत नाहीत, याकडे फ्रॉइडने १९०५ साली लक्ष वेधले आणि या विस्मरणाला नाव दिले. त्याची कारणमीमांसा आज फारशी कोणी स्वीकारत नाही. पण वस्तुस्थिती टिकून आहे. बहुतेकांची पहिली आठवण साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आसपासची असते. नंतरच्या संशोधनाने त्यात एक चटका लावणारी भर घातली. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या वर्षातले पुष्कळ काही आठवत असते. आठव्या-नवव्या वर्षापर्यंत त्यातला बराचसा भाग गळून पडतो. म्हणजे आठवण कधी झालीच नाही, असे नव्हे. ती होती, आणि मुलाच्या वाढण्यातच ती हरवली. बाप म्हणतो ते काही काळ खरे ठरेल आणि मग खोटे ठरेल.

पण आजी आणि बाप यांच्यात वाटतो तितका मतभेद नाही. मुलीला काही कळत नाही, म्हणून तिला उठवणे व्यर्थ, असे आजीला वाटते. मुलीला आठवण राहील, म्हणून तिला उठवणे सार्थ, असे बापाला वाटते. आनंदाचे मोल तो मागे काय ठेवून जातो यावर ठरते, हे गृहीत दोघांनाही मान्य आहे. वस्तुतः हे गृहीतच तपासून पाहायला हवे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेला तिच्या आवडीची पुरणपोळी कोणी करून घातली, तर ‘उद्या तिला आठवणार नाही, मग कशाला?’ असे म्हणणारा माणूस सर्वांना निष्ठुर वाटतो. तिची जीभ आज गोड झाली, एवढे तिथे पुरते. मग तीन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तेवढेच का पुरू नये? प्रौढांच्या आयुष्यातले तरी किती दिवस त्यांच्या हाती उरतात? न आठवणारे दिवस जगलेच गेले नाहीत असे मानायचे, तर जगण्याचा फार मोठा हिस्सा रद्द करावा लागेल.

यावर एक सौम्य उत्तर दिले जाते. प्रसंग विसरला तरी संस्कार उरतो; लहानपणी मिळालेला आनंद मनाची घडण करतो, आणि आठवणीत नसला तरी स्वभावात जमा होतो. हे खरे असेलही. पण या उत्तरातही जमाखर्चाची वही मिटलेली नाही. फक्त रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली आहे. मुलाचा आजचा दिवस उद्याच्या कामी येतो म्हणून चांगला, हेच त्यातून निघते. याच शहरात ज्यांचे बहुतेक आयुष्य गेले, त्या आर. के. नारायण यांनी राज्यसभेत १९८९ साली केलेले भाषण या संदर्भात आठवते. त्यांचा विषय होता लहान मुलांच्या पाठीवरचे दप्तराचे ओझे. मालगुडीच्या निर्मात्याने संसदेत बोलावे आणि दप्तरावर बोलावे, याचे तेव्हा कोणाला हसू आले असेल. पण पुढे १९९३ साली यशपाल समितीने दिलेल्या अहवालाचा विषयही हे शैक्षणिक ओझेच होता. मुलाचा वर्तमानकाळ त्याच्या भविष्यासाठी तारण ठेवण्याची जी सवय त्या दप्तरामागे होती, ती केवळ शाळेपुरती राहिलेली नाही. सुटीही आता गुंतवणूक झाली आहे. मुलाच्या ‘आठवणी घडवायच्या’ असतात, आणि त्या घडल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक कारंज्यापुढे मुलाला उभे करून हसायला लावायचे असते.

मात्र वर्तमानकाळाची बाजू अशी उचलून धरली, की एक अडचण तत्काळ समोर येते. तीन वर्षांच्या मुलीचा आजचा आनंद एवढेच साध्य असेल, तर त्यासाठी म्हैसूर लागत नाही. १८९२ साली चामराजेंद्र वडेयर यांनी स्थापन केलेल्या प्राणिसंग्रहालयात जिराफाच्या कुंपणापाशी ही मुलगी उभी होती, तेव्हा तिचे लक्ष कुंपणाखालून पळणाऱ्या खारीकडे होते. आत्याच्या परसातला नळ, त्याखालचा चिखल आणि चार गुळगुळीत खडे यांनी तिचा सबंध दिवस गेला असता. लहान मुलाचा आनंद विलक्षण स्वस्त असतो. महाग असतो तो आईबापांचा. कारंजी, दिवे, लाटा, रांगेत घालवलेले तास आणि त्यावर झालेला खर्च ही प्रौढांची गरज असते. तसे असण्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही. वर्षभर कचेरीत आणि स्वयंपाकघरात अडकलेल्या माणसांना मुलांच्या निमित्ताने चार दिवस मूल व्हावेसे वाटले, तर त्यांना कोण बोल लावील? बोल लागतो तो पुढे, केव्हातरी दहाबारा वर्षांनी, याच मुलीला कोणीतरी सुनावते तेव्हा: “तुला किती फिरवलं, किती खर्च केला, काही आठवतंय का?”

मुलीच्या आठवणीत काय राहते, याला इथे नैतिक वजन प्राप्त होते. एरवी निरागस वाटणारी ‘आठवण राहील’ ही इच्छा एका दस्तऐवजाची इच्छा असू शकते. आठवण म्हणजे ऋणाची पावती. छायाचित्र म्हणजे त्या पावतीची प्रत. विसरणारे मूल हा असा ऋणको आहे, की ज्याला आपण कधी काही घेतले याचा पत्ताच नाही. फळाची आशा न धरता कर्म करावे, हे वचन मराठी घरांत इतक्या वेळा उच्चारले जाते, की ते कुठे लागू करावे हे सुचेनासे झाले आहे. विसरणाऱ्या मुलाला दिलेला दिवस ही त्याची खरी कसोटी असावी. देणाऱ्याला इथे कोणीही धन्यवाद देणार नाही, पुढेही देणार नाही. आणि तेवढ्यावर समाधान मानणे बहुतेकांना जड जाते.

नवरात्रात आत्याच्या घरात मांडलेल्या बाहुल्यांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. म्हैसूर परिसरात हा ‘गोंबे हब्ब’, बाहुल्यांचा सण. विषम संख्येच्या पायऱ्या मांडून, त्यांवर पांढरे वस्त्र अंथरून बाहुल्यांची आरास करायची. सर्वांत वर लाकडी राजा-राणीची जोडी, ‘पट्टद गोंबे’. ही जोडी लेकीला तिच्या लग्नात माहेराहून देण्याची पद्धत आहे. त्याखाली देव, दशावतार, वाणी आणि त्याचे दुकान, वाजंत्री, लग्नाची पंगत. राजवाड्यात शिरतानाच लागणारे ‘गोंबे तोट्टी’ हे दालन याच सणासाठी राजघराण्यातल्या बाहुल्या मांडण्याचे स्थान होते. पण मुलांचा खरा जीव असतो तो पायऱ्यांपुढच्या जमिनीवर. तिथे मातीच्या थरात मोहरी किंवा नाचणी पेरून हिरवळ उगवायची, आरशाच्या तुकड्याचे तळे करायचे, काठावर बदके, वाटेवर मोटारी. अनेक घरांत मुलांच्या या मांडणीला सरळ ‘पार्क’ असेच म्हणतात. आत्याने तो शब्द उच्चारला तेव्हा सात वर्षांचा मुलगा चमकला. त्याचा पार्क तिकडे धरणाच्या रस्त्यावर होता. हा इथे, परातीएवढ्या जागेत. मग त्याला काहीतरी ओळखीचे दिसले असावे, कारण तो म्हणाला, “म्हणजे किल्ला!” आणि ते बरोबरच होते. दिवाळीत अंगणात, गच्चीवर, नाहीतर जिन्याखाली दगडमातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी महाराष्ट्रातली मुले नेमके हेच करत असतात. पायऱ्यांवरच्या राजा-राणीच्या जागी तिथे सिंहासनावर शिवाजी महाराज बसलेले असतात, एवढाच फरक.

या सणात एक गोष्ट लक्षणीय आहे. तो कोणी कोणाला दिलेला नसतो. सण येतो. पंचांगाच्या पानावर तो आधीच छापलेला असतो. तो आणल्याचे श्रेय बाप घेऊ शकत नाही आणि तो विसरल्याचा दोष मुलाला लागत नाही. पुढल्या वर्षी तो पुन्हा यायचाच असतो, त्यामुळे अमुक एक नवरात्र आठवले नाही तरी काही बिघडत नाही. भोंडल्यातली खिरापत घ्या. डबा झाकलेला, आत काय आहे ते मुलींनी ओळखायचे. शंकरपाळे, करंज्या, साखरफुटाणे अशी नावे घेत घेत खरे नाव सापडले, की झाकण निघते. वर्षानुवर्षे ओळखलेल्या खिरापतींपैकी एकही नेमकी आठवत नाही. ओळखण्याचा खेळ मात्र अंगात मुरतो. सहलीचे वेगळे असते. एकदाच घडण्यावर तिचा सारा डोलारा उभा असतो, म्हणून ती हातून निसटल्याचे दुःख मोठे होते. शिवाय सणात मुलाच्या हाताला काहीतरी काम असते. आत्याने त्या तीन वर्षांच्या मुलीच्या हाती एक मातीचे बदक दिले आणि ते तळ्याच्या काठी ठेवायला सांगितले. तिने ते तळ्याच्या मधोमध, पालथे ठेवले. कोणी उचलले नाही. ताराबाई मोडकांसारख्या बालशिक्षणाच्या प्रवर्तकांनी मुलाच्या हाताला खरे काम द्या म्हणून जे आयुष्यभर सांगितले, ते घरोघरच्या सणांना, न सांगता, थोडेफार ठाऊक होते.

इथपर्यंत आले, की परंपरेचे गोडवे गाऊन थांबण्याचा मोह होतो. पुष्कळ लेखन तिथेच थांबते. पण ‘सण येतो’ हे वाक्य पुन्हा एकदा नीट ऐकायला हवे. सण कोणाच्या पायांनी येतो? बाहुल्यांच्या पेट्या माळ्यावरून कोणी काढल्या, वर्षभराची धूळ कोणी पुसली, नऊ दिवस रोज वेगळा नैवेद्य आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकामुलांसाठी फराळ कोणी केला? दिवाळीच्या चार दिवस आधीपासून कढईपुढे बसलेल्या बाईला सुटी नावाची वस्तू कधी भेटली? परंपरेत देणारा दिसत नाही, म्हणून ऋण जाणवत नाही, हे खरे. पण तो दिसत नाही याचे कारण तो नाही असे नव्हे. तो चुलीपाशी आहे आणि तिकडे कोणी पाहत नाही. याशिवाय ज्यांना उंबरठ्याच्या आत पाऊल टाकता आले नाही, त्यांचे काय? हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसलेली विधवा, आरास दारातून पाहून परतणारी कामवाल्या बाईची मुलगी, वाड्यातल्या झोपाळ्याला हात लावायची ज्याला मुभा नव्हती तो मुलगा. यांनाही तो सण आठवत असणारच. बालपणीच्या सणांविषयी हळवे होऊन लिहिणारे बहुतेक जण उंबरठ्याच्या आतले होते, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

तिकीटखिडकी जात विचारत नाही, कुंकू पाहत नाही. ती पैसे विचारते, आणि मुलाची उंची. अशा उद्यानांच्या दाराशी भिंतीवर उंचीची खूण असते. मुलाला तिथे उभे करतात, डोके खुणेच्या खाली असेल तर प्रवेश फुकट, वर असेल तर तिकीट. पैशाचा निवाडाही निष्ठुरच असतो, त्याची भलावण करण्याचे कारण नाही. तरीही त्या दिवशी पार्कमध्ये घडलेली एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. कृत्रिम लाटांच्या तळ्यात मुलांची आई अंगभर कपड्यांनिशी उतरली. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. भोंगा वाजला, लाट आली आणि ती सपशेल खाली बसली. मग कोणाकडे न पाहता मोठ्याने हसत राहिली. मुलगा चकित होऊन पाहत होता. आईला असे हसताना त्याने पाहिले नव्हते. त्या दिवशी तिने काही रांधले नव्हते, कोणाला वाढले नव्हते. दुपारचे जेवणही ताटात आयते आले होते. लग्नानंतरच्या कोणत्या दिवाळीने तिला असा दिवस दिला? सात वर्षांचा मुलगा विसरण्याच्या वयाच्या बाहेर पडतो आहे. लाखभर दिवे त्याच्या मनात राहतील की नाही, कोण जाणे. पाण्यात बसून हसणारी आई बहुधा राहील.

याच पार्कात एक चक्र होते, माणसांना बांधून गरगरा फिरवणारे. भोवळीची ही ओढ फार जुनी आहे. रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांची वर्गवारी केली, तेव्हा स्पर्धा, नशीब आणि सोंग यांच्या जोडीला भोवळ हा खेळाचा चौथा स्वतंत्र प्रकार मानला. जगाचा तोल क्षणभर घालवून बसण्यात माणसाला सुख असते. मराठी मुलींना हे सांगायला फ्रेंच विचारवंताची गरज नव्हती. त्यांच्याकडे फुगडी होती. पायाला पाय भिडवायचे, हातांची फुली करून एकमेकींची मनगटे धरायची, अंग मागे टाकायचे आणि फिरायचे. फुगडीतल्या भोवळीला कसलाही पट्टा नसतो. एकीचा तोल दुसरीच्या हातात असतो. एकीने हात सोडला तर दोघी पडतात. यंत्राच्या चक्रात शेजारी कोण बसले आहे याने काही फरक पडत नाही, पोलादाची दांडी सर्वांना सारखीच धरून ठेवते. यात यंत्राचा दोष काढता येत नाही. उलट, लहान मुलाला दांडी हवीच. फक्त ज्या आनंदात दुसऱ्याच्या मनगटाची गरज उरत नाही, तो विकत मिळणे सोपे असते, एवढे त्यावरून दिसते. आजीने त्या संध्याकाळी आत्याच्या अंगणात नातवाला फुगडीला बोलावले. गुडघ्यांमुळे दोन फेरेच झाले.

परंपरा एकीकडे आणि करमणुकीचा बाजार दुसरीकडे, अशी वाटणी म्हैसुरात तरी करता येत नाही. इथला दसरा १६१० साली श्रीरंगपट्टणात राजा वडेयर यांनी सुरू केला, आणि त्याही आधी विजयनगरच्या महानवमीचा थाट परदेशी प्रवाशांनी डोळे विस्फारून पाहिला होता. तो सण जितका देवीचा, तितकाच सत्तेचा देखावा होता. रयतेने पाहावे आणि दिपावे यासाठीच त्याची योजना होती. दसऱ्याचे प्रदर्शनही संस्थानी काळापासूनचे आहे, आणि तिथे आज उंच पाळणे गरगरत असतात. १८९७ साली जुना लाकडी राजवाडा जळाल्यावर हेन्री आयर्विनच्या आराखड्याप्रमाणे नवा उभा राहिला, तो १९१२ साली पूर्ण झाला. आज त्यावर दिवे लागतात ते पाहणाऱ्यांसाठी. १९७१ साली राजांचे तनखे बंद झाले. आता विजयादशमीच्या मिरवणुकीत अंबारीत राजा नसतो, चामुंडेश्वरीची मूर्ती असते. सुमारे ७५० किलो वजनाची ती सोन्याने मढवलेली अंबारी पाठीवर घेऊन हत्ती राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत चालतो, आणि दुतर्फा लाखो माणसे उभी असतात.

मिरवणूक पाहताना सात वर्षांच्या मुलाने विचारले, “बाबा, हत्तीला आवडतं का हे?”

बापाने काय उत्तर दिले असेल, ते महत्त्वाचे नाही. उत्तरे पुष्कळ आहेत. हत्तींना जंगलातल्या तळांवरून आठवडे आधी आणतात, खाऊपिऊ घालतात, वाळूची पोती पाठीवर देऊन हळूहळू ओझ्याची सवय करतात, तोफांच्या आवाजाला सरावतात. वर्षानुवर्षे अंबारी वाहणारा द्रोण १९९८ साली चरताना विजेच्या तारेला लागून मेला. २०१२पासून २०१९पर्यंत अंबारी वाहणारा अर्जुन डिसेंबर २०२३मध्ये एका रानहत्तीशी झुंजताना मेला. जंगली हत्तींना आवरण्याच्या कामावर त्याला नेले होते, तेव्हा. त्यांच्यासाठी म्हैसूरकर रडले, आणि ते रडणे खरे होते. पण मुलाच्या प्रश्नाला त्याने उत्तर मिळत नाही. सण येतो तो कोणाच्या पाठीवरून येतो, हाच तो प्रश्न; चुलीपाशी बसलेल्या बाईविषयी जो विचारायचा राहून गेला, तोच एका मुलाने हत्तीविषयी विचारला. महाराष्ट्रात याच दिवसांत मुली पाटावर खडूने हत्ती काढतात आणि त्याच्याभोवती फेर धरतात. तो हस्त नक्षत्राचा हत्ती. त्याच्या पाठीवर काहीही नसते.

ज्या पिढीच्या हाताला धरून ही मुले फिरत आहेत, तिच्याही बालपणी करमणुकीची उद्याने होती. १९८२च्या आशियाई खेळांचे बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीच्या नावाने दिल्लीत १९८४ साली अप्पू घर उघडले. ते २००८ साली बंद झाले. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, आणि मुंबई-पुण्याच्या कितीतरी शाळांच्या सहली होडीने तिकडे गेल्या. २०२२पासून तेही बंद आहे. आपण जिथे भोवळलो तिथे मुलाला नेऊन दाखवावे, तर ती जागाच नाही. मुलाच्या आठवणीविषयी बाप इतका हळवा का, याचे एक कारण कदाचित इथे असेल. बाहुल्यांची पेटी असती, तर त्याला मुलीला झोपेतून उठवावे लागले नसते.

अर्थात पेटी कोणीतरी भरावी लागते. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी करून निजवतात, आणि मग आरास उतरते. मिरवणुकीहून परतल्यावर, जेवणे झाल्यावर, आत्या आणि वहिनी पायऱ्यांपुढे बसल्या. जुन्या धोतरांच्या आणि मऊ झालेल्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून ठेवलेल्या होत्या. बाप पलंगावर बसून दिवसभराची छायाचित्रे चाळत होता. सारखीच चार असली, की तीन पुसायची. आत्या म्हणाली, “दादा, जरा ये ना, वरच्या पायरीला हात पुरत नाही.” तो उठला. राजा-राणी खाली उतरवताना त्याने विचारले, आधी डोके गुंडाळायचे की पाय. आधी डोके, आत्या म्हणाली. मान नाजूक असते. मग तो तिथेच खाली बसला आणि एकेक बाहुली घेऊ लागला. वाण्याचे दुकान, त्याच्या तराजूची दोन पारडी वेगळी. वाजंत्रीवाले. मुलगा आरशाचे तळे उचलायला गेला, तेव्हा त्यावर पालथे पडलेले बदक खडखडले, आणि आतल्या खोलीत झोपलेली मुलगी त्या आवाजाने जागी होऊन डोळे चोळत बाहेर आली. तिने हात पुढे केला. बदक पेटीत जायचे होते. आत्याने वहिनीकडे पाहिले आणि ते तिच्या मुठीत दिले. ती तशीच बापाच्या मांडीवर आडवी झाली. उरलेल्या बाहुल्या त्याला एका हाताने गुंडाळाव्या लागल्या.